मागे बसणारीचे पाय टेकतात का?



या सदरात आजवर आपण बियाणे, खत, पाणी, कीड-रोग यांविषयी बोलत आलो. आजचा विषय वरवर पाहता बांधाबाहेरचा वाटेल. मी शेतकीचा माणूस, गाड्यांचा मेस्त्री नव्हे. पण तीस वर्षे गावोगाव हिंडताना जे डोळ्यांना दिसते ते कधीतरी लिहायला हवे, म्हणून आज मोटारसायकलीच्या मागच्या सीटविषयी, आणि त्यातही मागे बसणाऱ्या माणसाच्या पायांविषयी लिहितो.

खंडेनवमी नुकतीच झाली. नांगर, कुळव, पाभर, विळे, खुरपी धुऊन-पुसून मांडली गेली. ट्रॅक्टरला हार पडला, पाण्याच्या मोटारीला हळदकुंकू लागले. ओट्यापाशी उभी असलेली मोटारसायकलही पूजेला होती, आणि ते योग्यच झाले. शेतकऱ्याच्या घरी मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, ते आता एक औत झाले आहे. १९७२ मध्ये लूना आली, १९८५ मध्ये शंभर सीसीची हिरो होंडा आली, आणि तेव्हापासून गावातली सायकल हळूहळू भिंतीला टेकली. आज सकाळी डेअरीवर दूध गाडीवरून जाते, दुपारी मळ्यावर भाकरी गाडीवरून जाते, फवाऱ्याचा पंप, युरियाचे पोते, आजारी करडू, सगळे गाडीवरूनच जाते. आणि मागच्या सीटवर घरातली बाई असते. खुरपणीला, बाजाराला, बचत गटाच्या बैठकीला, माहेरी, दवाखान्यात, तिचा प्रवास बहुतेक वेळा डबलसीटच होतो.

आता एक साधी गोष्ट विचारतो. आपण बैलाची उंची पाहून जू बांधतो. नांगर खोल लागायला लागला की वेठण मागेपुढे करतो. खुरप्याची मूठ हाताला बोचत असेल तर सुताराकडे जाऊन तासून आणतो. पण गाडी दुकानातून आणली त्या दिवशी मागची फूटरेस्ट जेथे होती तेथेच ती दहा वर्षांनीही असते. मागे बसणारी बाई ठेंगणी आहे की उंच, तिचा गुडघा दुखतो की कंबर, तिचा पाय टेकतो की लोंबतो, हे कोणी पाहत नाही. चालवणाराला ते दिसत नाही, कारण ते त्याच्या पाठीमागे असते. आणि ती बोलत नाही, कारण तिला वाटते, गाडीवर बसणे म्हणजे असेच असते.

मागे एका गावी शेतीशाळा संपल्यावर एक आजी भेटल्या. वय पासष्टीच्या पुढे, अंगात नऊवारी, मुलाच्या गाडीवरून नातेवाइकाकडे निघाल्या होत्या. मी सहज विचारले, "आजी, बसायला बरं पडतं का?" त्या म्हणाल्या, "बसायला काय, बसते बाबा. पण उतरल्यावर हा पाय माझा आहे का दुसऱ्या कोणाचा, ते घटकाभर कळत नाही." मुलगा हसला. पण आजी थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या पायाला मुंग्या येत होत्या, आणि त्याचे कारण त्यांच्या वयात नव्हते, ते गाडीच्या डाव्या अंगाला होते.

पाय लोंबला की काय होते

खुर्चीवर बसून पाय जमिनीला पोहोचले नाहीत तर काय होते ते आठवा. मांडीच्या खालच्या अंगाला खुर्चीची कड रुतते. पायाचे सगळे ओझे त्या कडेवर लोंबते. थोड्या वेळाने पाय जड होतो, मग बधिर होतो. गाडीच्या सीटवर हेच होते, त्यात खड्ड्यांचे हादरे आणखी. शिवाय पाय टेकलेला असला की माणूस खड्डा आला तेव्हा नकळत पायावर जोर देतो आणि बूड किंचित उचलतो. हादरा गुडघ्यात आणि घोट्यात जिरतो. पाय लोंबत असला तर हा उपायच राहत नाही. सगळा हादरा माकडहाडातून सरळ मणक्यात जातो. ज्या बायकांना आधीच वाकून खुरपण्याने कंबरदुखी आहे, त्यांना हा मार रोजचा आहे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक लागला की मागचा माणूस पुढे सरकतो. पाय भक्कम टेकले असतील तर तो स्वतःला थोपवतो. नसतील तर सगळे वजन चालवणाराच्या पाठीवर येते. चालवणारा ते वजन हँडलवर दाबलेल्या मनगटांनी पेलतो. पुष्कळ शेतकरी मला सांगतात, साहेब, तालुक्याला जाऊन आलो की मनगटं दुखतात, खांदे भरून येतात. ते दोष देतात रस्त्याला. रस्त्याचा दोष आहेच. पण एकटे जाता तेव्हा मनगट किती दुखते आणि डबलसीट जाता तेव्हा किती, हे एकदा ताडून पाहा. मागच्याचे पाय नीट टेकले की पुढच्याचे हात हलके होतात.

म्हणून हे काम बायकोवर उपकार म्हणून करायचे नाही. दोघांची सोय आहे.

एका अंगाला की दोन्हीकडे पाय टाकून

बसण्याच्या दोन रीती आहेत, आणि दोहोंचे फूटरेस्टचे गणित वेगळे आहे.

एका अंगाला, म्हणजे दोन्ही पाय डावीकडे सोडून बसले की शरीराचे वजन गाडीच्या मध्यरेषेवर राहत नाही. तराजूच्या एका पारड्यात माप ठेवावे तसे ते डावीकडे झुकते. गाडी सरळ ठेवण्यासाठी चालवणारा नकळत उजवीकडे कलतो आणि सबंध वाट कलूनच राहतो. वाळूत, चिखलात, हळू चालवताना हे फार जाणवते. बसणारीला गुडघ्यांनी सीट आवळून धरता येत नाही. तोंड बाजूला असल्याने पुढचा गतिरोधक किंवा खड्डा तिला आधी दिसत नाही. शिवाय तिचे गुडघे गाडीच्या डाव्या अंगाला चांगले हातभर बाहेर येतात. पाणंदीतून जाताना येड्या बाभळीची फांदी, उसाचे पाते, कुंपणाची तार, शेजारून जाणारी बैलगाडी, हे सगळे आधी तिच्या गुडघ्याला लागते. चालवणारा मात्र आपल्याच गुडघ्याच्या मापाने वाट काढत असतो.

दोन्हीकडे पाय टाकून बसले की वजन मध्यावर येते, दोन्ही पायांना दोन स्वतंत्र फूटरेस्ट मिळतात, गुडघ्यांची पकड मिळते आणि समोरचा रस्ता खांद्यावरून दिसतो. गाडी बनवणाऱ्यांनी मागची जागा मुळात याच बैठकीसाठी आखलेली असते. सलवार-कमीज असेल तर तसेच बसावे, यात दुमत असण्याचे कारण नाही. गंमत अशी की आपल्या आजीचे कासोट्याचे नऊवारी लुगडे या बैठकीला अगदी सोयीचे आहे. कासोटा घालून बायका घोड्यावर बसल्या, मग गाडीवर का नको? अडचण येते ती गोल साडीची, आणि त्याहून मोठी अडचण येते लोकांच्या नजरेची. सासऱ्यासमोर सून अशी कशी बसेल, असे अजूनही पुष्कळ घरांत म्हणतात. मी त्या घरांत जाऊन वाद घालत नाही. एवढेच म्हणतो, की हा निर्णय ज्याला गाडीवर बसायचे आहे त्याने करावा, ओट्यावर बसलेल्याने नव्हे.

तरीही साडीत एका अंगालाच बसणार असतील तर त्या बैठकीची सोय नीट करू. अपुऱ्या सोयीत बसवणे हे सर्वांत वाईट.

मोजमाप घरी करा

गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करा. मागे नेहमी जी व्यक्ती बसते तिलाच बसवा, नेहमीच्या कपड्यांत आणि नेहमीच्या चपलेसह. गाडी हलू नये म्हणून एकाने हँडल धरावे. आता शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून चपलेच्या तळापर्यंतचे अंतर मोजा. मग सीटच्या डाव्या कडेपासून पाय ठेवण्याच्या पट्टीपर्यंतचे उभे अंतर मोजा. ही दोन मापे सारखी असावीत, किंवा दुसरे माप दोन बोटे कमी असावे. समजा पायाचे माप ३८ सेंटिमीटर आले आणि पट्टी सीटपासून ४५ सेंटिमीटर खाली आहे, तर टाच ७ सेंटिमीटर अधांतरी राहते. पट्टी तेवढी वर घ्यायला हवी. उलट पट्टी फारच वर असेल तर गुडघे पोटाकडे येतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळे वजन माकडहाडावर पडते. तेही नको. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गुडघा जास्त दुमडून बसणे फारच त्रासाचे होते.

नुसती उंची पाहून भागत नाही. एका अंगाला बसणारीसाठी साडीगार्डवर जी पट्टी असते ती पुष्कळदा इतकी आखूड असते, की एकच पाय मावतो आणि दुसरा त्याच्यावर आढी घालून ठेवावा लागतो. पट्टी अशी हवी की दोन्ही पावले शेजारी-शेजारी बसतील. टाच आणि तळव्याचा मध्य टेकला पाहिजे, बोटे बाहेर आली तरी चालतील. पट्टी बाहेरच्या बाजूला उताराची असेल तर पाय घसरतो. बाहेरची कड बोटभर वर असावी. वरचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल तर बदलावे. ओल्या चपलेखाली नुसते लोखंड म्हणजे पावसाळ्यात शेवाळावर पाय ठेवण्यासारखे आहे. मी जुन्या टायरचा तुकडा बोल्टने बसवलेला पाहिला आहे, आणि तो उत्तम चालतो. बोल्टचे डोके मात्र रबरात बुडालेले हवे, नाहीतर चपलेचा तळ फाटतो.

मागेपुढे किती, हाही प्रश्न आहे, आणि येथे चालवणाराची सोय येते. पट्टी किंवा फूटरेस्ट फार पुढे आली तर चालवणाराची पोटरी तिच्यावर आपटते. थांबताना तो डावा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा हे हमखास होते. गिअरच्या टाचेकडच्या दांडीवर टाच मारायला जागा उरत नाही. म्हणून पट्टी बसवल्यावर चालवणाराने सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकून पाहावेत, गिअर वरखाली करून पाहावेत, मागे बसणारी बसलेली असतानाच. पट्टी फार मागे गेली तर पाय चाकाच्या आऱ्यांकडे जातो. हा धोका सर्वांत मोठा आहे आणि त्याविषयी पुढे वेगळे लिहितो.

खाली किती घ्यावी याला मर्यादा जमिनीची आहे. बांध ओलांडताना, गाडीवाटेच्या चाकोरीतून जाताना, डाव्या वळणावर गाडी कलली असताना पट्टी जमिनीला किंवा दगडाला लागली तर गाडी उलटते. चालवणाराच्या फूटरेस्टपेक्षा मागची पट्टी खाली जाता कामा नये. हे माप गाडी स्टँडवरून उतरवून, दोन्ही माणसे बसल्यावर पाहावे, कारण तेव्हा गाडी शॉकअपवर खाली दबलेली असते.

दोन्हीकडे पाय टाकून बसणाराच्या फूटरेस्ट बहुतेक साध्या गाड्यांत वरखाली करता येत नाहीत. तरी पाहण्यासारखे पुष्कळ असते. दुमडणारी फूटरेस्ट पिनवर सैल झाली असेल तर ती पाय ठेवताच खाली झुकते आणि पाऊल बाहेर घसरते. पिन आणि वायसर बदलले की काम होते, खर्चही किरकोळ येतो. काही गाड्यांत मागच्या फूटरेस्ट चाकाच्या चिमट्याला जोडलेल्या असतात, काहींत चेसिसला. चिमट्याला असतील तर चाकाबरोबर त्याही वरखाली होतात आणि प्रत्येक खड्डा पायातून गुडघ्यात जातो. नवी गाडी घेताना हे वाकून पाहून घ्या. दुकानदार रंग आणि मायलेज सांगेल, हे सांगणार नाही. आणि गाडी पाहायला जाताना मागे बसणारीला बरोबर न्या. बैल घेताना आपण जोडी लावून पाहतोच की!

फिटरकडे काय सांगावे

पहिली गोष्ट, वेल्डिंग करू देऊ नका. पट्टी बोल्टने आणि क्लॅम्पनेच बसवावी. चिमट्यावर किंवा चेसिसवर वेल्डिंगचा डाग दिला की त्या जागचे लोखंड आधीसारखे राहत नाही, आणि हादऱ्यांनी नेमके तेथेच तडकते. साडीगार्डच्या दांड्यावर वेल्डिंग करणे अगदीच भाग पडले तर गार्ड गाडीवरून उतरवून करून घ्यावे. गाडीवर असताना करायचे झाल्यास बॅटरीच्या तारा आधी सोडायला सांगा, नाहीतर गाडीची वायरिंग जळू शकते. चेसिस कापणे, वाढवणे असले फेरफार तर मुळीच करू नयेत. नोंदणीच्या कागदातल्या वर्णनाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्यालाही मान्य नाहीत.

पुष्कळ साडीगार्डांवर पट्टी सरकवायला आधीच एकाहून जास्त भोके असतात आणि ती कोणी वापरलेली नसतात. आधी ती पाहा. नसतील तर जाड पट्टीचा तुकडा जोड म्हणून घालून पट्टी वर किंवा खाली घेता येते. पातळ पत्रा नको. बोल्ट मूळच्या जाडीचेच असावेत, स्प्रिंग वायसर घालावे, आणि आठवड्याने पाना लावून पुन्हा आवळावेत. नवा जोड हादऱ्याने बसतो आणि पहिल्या आठवड्यातच ढिला होतो. काम झाल्यावर तेथेच, दुकानासमोर, गाडी स्टँडवर असताना फिटरला पट्टीवर सगळे वजन देऊन उभे राहायला सांगा. तो नको म्हणाला तर काय समजायचे ते समजा.

वर सांगितलेल्या आजींच्या गाडीची पट्टी फिटरने चार बोटे वर घेतली आणि तिच्यावर टायरचा तुकडा ठोकला. वेळ गेला चहा होईपर्यंतचा.

साडीगार्ड काढू नका

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ वा नियम गाडी बनवणाराला तीन गोष्टी द्यायला सांगतो: मागे बसणारासाठी धरायची पक्की मूठ, पाय ठेवायची फूटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे आवरण, जेणेकरून कपडा चाकात अडकू नये. म्हणजे गाडी घरी येते तेव्हा हे सगळे अंगावर असते. मग ते जाते कोठे? दुधाच्या किटल्यांचे लोखंडी घोडे बसवायचे म्हणून गार्ड काढले जाते. पोराला गाडी "स्पोर्टी" दिसायला हवी म्हणून काढले जाते. एकदा पडली तेव्हा वाकले, म्हणून काढून माळ्यावर टाकले जाते.

पदर किंवा ओढणी चाकात गेली तर ती एका क्षणात आऱ्यांना गुंडाळते आणि माणसाला मागे खेचते. ओढणी गळ्याभोवती असेल तर काय होते ते लिहावयास नको. लहान मुलाचे पाऊल आऱ्यांत गेले तर टाचेची कातडी सोलून निघते, हाडही मोडते. दवाखान्यांतल्या डॉक्टरांना ही जखम चांगली ओळखीची आहे. मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोहोचतच नाहीत, ते चाकाच्या बाजूला मोकळे लोंबतात, आणि झोप लागली की आत वळतात. जाळी मोठ्या भोकांची असेल तर मुलाची टाच तिच्यातूनही आत जाते. अशा गार्डवर आतून बारीक जाळी बांधून घ्यावी. ओढणी पाठीमागे गाठ मारून, पदर कमरेला खोचून बसावे.

किटल्यांच्या घोड्याविषयी एवढेच, की डाव्या बाजूला किटली अडकवलेली असताना बाईला त्यावर पाय ठेवून बसवू नये. किटलीचा कान म्हणजे फूटरेस्ट नव्हे. दूध घालून येईपर्यंत एकट्याने जावे, घोडा उतरवावा, मग दुसरी खेप करावी. उतरवता येणारे घोडे मिळतात, तसेच घ्यावेत.

उजव्या बाजूला सायलेन्सर असतो. दोन्हीकडे पाय टाकून बसणाराची पोटरी त्याला लागते आणि फोड येतात. सायलेन्सरवरचा संरक्षक पत्रा निखळला असेल तर तो आधी बसवा.

बसणे, उतरणे

वयस्कर माणसाला बसवताना चालवणाराने आधी स्वतः सीटवर बसावे, दोन्ही पाय जमिनीत रोवावेत, पुढचा ब्रेक दाबून धरावा, आणि मग "बस" म्हणावे. मागच्या फूटरेस्टवर एकदम उभे राहून चढले की सगळे वजन डावीकडे पडते आणि उभी गाडी कलंडते. ओटा, पार किंवा मोठा दगड पाहून त्याच्याकडेला गाडी लावावी. तीच सवय उतरताना. उतरल्यावर गाडी लगेच पुढे काढू नये, पदर मोकळा झाला की नाही ते वळून पाहावे.

धरायचे कोठे? एका हाताने चालवणाराची कंबर किंवा खांदा, दुसऱ्याने सीटमागची लोखंडी मूठ. दोन्ही हातांत पिशव्या, मांडीवर मूल आणि डोक्यावर पदर सांभाळत बसलेली बाई कशालाच धरलेली नसते. पिशवीला हुक आहे, तो वापरावा.

मुलाविषयी कायदा आता स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला गाडीवर नेताना चालवणाराशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट लागते, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. आणि चालवणाराशिवाय एकच माणूस, असा १९८८ च्या कायद्याचा नियम जुनाच आहे. दोघे मोठे आणि मध्ये दोन मुले, हे दृश्य बाजारच्या दिवशी किती दिसते ते मी सांगायला नको. त्यात कोणाचेच पाय कोठे टेकत नाहीत.

दिवस भरत आलेल्या बाईला मोटारसायकलवरून नेऊ नये. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते, पैसे पडत नाहीत. वेळ लागेल असे वाटले तर शेजारची जीप सांगून ठेवावी. तपासणीला जाणे आधीच्या महिन्यांत गाडीवरूनच होते हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तेव्हाही पाय दोन्हीकडे टेकलेले, वेग कमी, आणि प्रत्येक गतिरोधकाआधी तोंडाने "धर" असे सांगणे, एवढे तरी पाळावे. "धर" हा शब्द फुकटचा आहे, सर्वांनाच सांगावा.

शॉकअपविषयी दोन शब्द. मागच्या दोन्ही शॉकअपच्या खाली खाचांची कडी असते. एकट्यासाठी मऊ, डबलसीटसाठी कडक. नेहमी दोघेच जात असाल तर ती एक-दोन खाचा पुढे फिरवून घ्या, दोन्ही बाजूंना सारखी. हवेचेही दोन आकडे असतात, एक एकट्यासाठी आणि दुसरा दोघांसाठी. ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहावेत. मागे वजन पडले की गाडी मागून दबते आणि पुढचा दिवा वर पाहू लागतो. रात्री मळ्यावरून येताना त्याने आपल्याला खड्डा दिसत नाही आणि समोरच्या ट्रॅक्टरवाल्याचे डोळे दिपतात. दिव्याचा बोल्ट सैल करून तो थोडा खाली करून घ्यावा.

आणि हेल्मेट दोघांनाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत शेकडा ४४ च्या वर दुचाकीवरची होती. मागची बाई पडते ती बहुधा पाठीवर, आणि डोके मागून आपटते. कायदा दोघांना हेल्मेट सांगतो. घरात एकच हेल्मेट असेल आणि ते चालवणारा घालत असेल, तर दुसरे घ्यायला पुढच्या बाजारापर्यंत थांबू नका. आंबाडा आत मावत नाही अशी तक्रार बायका करतात आणि ती खरी आहे. वेणी खाली सोडून हेल्मेट घालून पाहा, आणि विकत घेताना जिच्यासाठी घ्यायचे तिच्या डोक्यावरच बसवून घ्या.

आज संध्याकाळी मळ्यावरून आलात की गाडी स्टँडवर लावा आणि घरातून टेप मागवा. ज्यांना फिटरकडून पट्टी वर-खाली करून घ्यावी लागली त्यांनी किती बोटे घ्यावी लागली, हे मला जरूर कळवावे. बायकांनी स्वतः लिहिले तर आणखी बरे.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी.